आजा बिन कागद

इंग्लंडमधला माणूस निवृत्त झाला की दोन गोष्टी खणायला घेतो : परसातले गुलाबाचे वाफे आणि मेलेला पणजा. गुलाबाचं काही सांगता येत नाही, पण पणजा हमखास सापडतो. तिथली सोयच तशी आहे. १८३७ च्या २० जूनला व्हिक्टोरिया गादीवर आली आणि १ जुलैपासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू सरकारी वहीत चढू लागले. राणीला गादीवर नीट टेकून बसायलाही सवड झाली नव्हती, तोवर लंडनच्या हमालाचं पोर नोंदीत आलं. १८४१ पासूनच्या जनगणनेत तर घराघरातली नावं, वयं आणि धंदे आहेत. ते कागद शंभर वर्षं कुलपात ठेवतात आणि मग सगळ्यांना खुले करतात. १९२१ ची जनगणना २०२२ च्या जानेवारीत उघडली, तेव्हा अर्धं इंग्लंड आपल्या आजीचं वय तपासायला बसलं असणार. पणजा चिमण्या झाडणारा असेना का, त्यानं घरभाडं थकवलं, गरीबखान्यात भरती झाला, शेजाऱ्याची कोंबडी उचलली, दर वेळी कुणीतरी वळणदार अक्षरात लिहून ठेवलेलं असतं. खायला महाग, पण कागदाला नाही.

आता ही राणी काही एकट्या इंग्रजांची नव्हती. १८५८ पासून आमचीही होती, आणि १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून तिला आमची सम्राज्ञी म्हणून जाहीरही करण्यात आलं. त्या हिशेबानं सारसोळ्याच्या खाडीत लंगोटी लावून गुडघाभर चिखलात उभा असलेला माझ्या आज्याचा आजा हाही रीतसर व्हिक्टोरियन माणूस ठरतो. त्याला तसं कुणी कळवलं नव्हतं, एवढंच.

सारसोळे म्हणजे आताचं नेरूळ, सेक्टर सहा. पाम बीच रोडवरून सुसाट जाणाऱ्याला एका अंगाला मनोरे दिसतात, दुसऱ्या अंगाला खारफुटी. खारफुटीतून वाट काढली की जेट्टी, जेट्टीपाशी होड्या आणि वाळत घातलेली जाळी, आणि तिकडे आत खाडीत आमचा बामणदेव. मनोऱ्यांच्या दाटीत जिथे गल्ली अचानक अरुंद होते आणि सुक्या बोंबलाचा वास यायला लागतो, तिथे गावठाण सुरू झालं असं समजावं. इथे कुणाला सांगितलं की मी पूर्वज शोधतोय, तर समोरचा लगेच आवाज खाली आणून विचारतो, “कंच्या सर्वे नंबरचा?”

त्याचंही चुकत नाही. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नवं शहर उठवायचं ठरलं. १९८४ च्या जानेवारीत या जमिनींच्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील यांच्या मागे लोक जासई-दास्तान फाट्याला रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला आणि पाच माणसं हुतात्मा झाली. त्या रेट्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. यात हसण्यासारखं काही नाही. हसू येतं ते त्यापुढे.

कारण भूखंड द्यायचा तर कुणाला? ज्याची जमीन गेली त्याला. तो वारला असेल तर त्याच्या वारसांना. वारस कोण, हे ठरवायचं तर वंशावळ हवी. ती स्टँपपेपरवर हवी, आणि तिच्यावर घरातल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. ज्या घरात वर्षश्राद्धालासुद्धा सगळे एका वेळी जेवत नव्हते, ती घरं एका रात्रीत पूर्वजांच्या ओढीनं व्याकूळ झाली. वीस वर्षं न बोललेले चुलतभाऊ ‘आपला आजा एकच ना रे’ म्हणत गळ्यात पडू लागले. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींचा हक्क पक्का झाल्यावर तर भावांना बहिणींचे फोन नंबर तोंडपाठ झाले. माहेरच्या साडीबरोबर हक्कसोडपत्राचा मसुदा देण्याची पद्धत तेव्हापासूनची. सांगायचं ते हे, की इंग्रज पणजा शोधतो तो हौस म्हणून. आमच्याकडे पणज्याला उठवायला प्लॉट लागतो.

म्हणूनच या लेखात मी आमच्या आज्याचं नाव छापत नाही. छापलं तर दिवाळी अंक बाजारात येण्याआधी वारस दारात येतील. त्याला नुसतं आजा म्हणू. नात्यानं तो खापरपणजोबा, पण आमच्याकडे एवढा लांब शब्द जिवंत माणसालासुद्धा कुणी वापरत नाही.

माझा शोध मात्र प्लॉटसाठी नव्हता. आमच्या भागाचा निवाडा कधीच झाला, आणि माझ्या वाट्याला आलेल्या जागेत मी आडवा झोपू शकतो, कूस बदलायची तर भावाला विचारावं लागतं. मला चेव चढवला तो सोसायटीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी. मूळचे पुण्याचे. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. छापील, कापडी बांधणीचा, उशाला घेतला तर मान अवघडेल इतका. त्यांनी तो माझ्यासमोर उघडून बोट ठेवलं. “हे आमचे खापरपणजोबा. अठराशे बावन्नचा जन्म. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. दोन विवाह. काशीयात्रा केली. गूळ फार आवडे.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “तुमच्याकडेही असेलच की असं काहीतरी?”

मी म्हटलं, “आमच्याकडे कुलवृत्तांत नाही, पण कुलदैवत आहे.” ते हसले. मला घरी येईपर्यंत हसू आलं नाही. त्यांचे खापरपणजोबा कचेरीत बसून दिवसभर लिहीत होते, आणि ते लिहीत होते तेव्हा आमचा आजा कुठेतरी असणारच. एकाच राणीचे दोघे प्रजाजन, पैकी एकाला गूळ आवडे हेसुद्धा ठाऊक आणि दुसऱ्याचा पत्ताच नाही, हे काही बरोबर नाही.

सुरुवात घरातून केली. माझी मोठी आत्या नव्वदीला टेकलेली आहे, पण आवाज अजून भरतीचा आहे. तिला विचारलं, आज्याचा आजा काय करायचा?

“मिठागरान व्हता,” आत्या म्हणाली. “मीठ पिकवायचा. त्याचे पाय बगशील तं फुटून निस्त्या भेगा.” आत्यानं ते पाय पाहिले असण्याची शक्यता नाही, पण भेगा सांगताना तिनं स्वतःच्याच पायावरून हात फिरवला, त्यामुळे मी गप्प बसलो.

शेजारी निवटी साफ करत बसलेली काकी राख-चिखलाच्या हातानं वर बघून म्हणाली, “मिठागरान तुजे आयशीचा आजा व्हता. आपला पडावावं व्हता. मुंबयला जायचा, भाऊचे धक्क्याला.”

ओटीवरून चुलते ओरडले, “दोगीबी नाय. तो गोदीन हमाल व्हता!”

तिघांनी आपापलं म्हणणं इतक्या खात्रीनं मांडलं की तीन वेगळे आजे उभे राहिले. इथे मला जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या साहेबाची आठवण झाली. त्यानं १८७२ चा भारतीय पुरावा कायदा लिहिला. त्याच्या पन्नासाव्या कलमात अशी सोय होती की दोन माणसांत नातं काय, याबद्दल घरातल्या माहितगाराचं मत त्याच्या वागण्यातून दिसत असेल तर कोर्टानं ते विचारात घ्यावं. साहेबानं आमची आत्या पाहिलेली नव्हती, तरी कलम तिच्यासाठीच लिहिलंय. तिचं मत बोलण्यात रोज बदलतं, वागण्यात कधीच नाही. ज्याला ती घरात बोलावून तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढते तो भाऊबंद. ज्याला ओटीवरूनच ‘बस हां, येते’ म्हणते आणि येत नाही, तो सर्वे नंबरवाला.

नंतर विचार केला तेव्हा वाटलं, तिघंही खरं बोलत असतील. चूक आहे ती ‘व्यवसाय’ नावाच्या एका चौकोनाची. पावसाळ्यात खारजमिनीत भात लावायचं, दसरा-दिवाळीत कापायचं. ते झालं की मिठागर. उधाणाची भरती आली की खाडीचं पाणी आत घ्यायचं, मोठ्या तळ्यात उन्हानं तापू द्यायचं, मग लहान वाफ्यांत सोडायचं. त्याआधी वाफ्याचा तळ ओळीनं उभं राहून पायांनी तुडवत बसायचा, तासन्‌तास, अगदी घट्ट होईपर्यंत. तळ कच्चा राहिला की मिठात चिखल येतो आणि मुकादमाच्या तोंडात शिव्या. पाणी आटत आलं की वर पातळ पापुद्रा धरतो, तो मोडायचा, आणि लांब दांड्याला लावलेल्या फळीनं मीठ कडेला ओढून ढीग घालायचा. मृगाचा पहिला शिडकावा आला की संपलं, पुन्हा नांगर. मधे कधी मासळी, कधी मिठाचा पडाव भरून मुंबई. आणि १८८० साली तिकडे प्रिन्सेस डॉक सुरू झाल्यावर पाठ धडधाकट असलेल्या माणसाला गोदीनं नको म्हटलं असेल असं वाटत नाही. इंग्लंडच्या जनगणनेत माणूस चांभार असला की मरेपर्यंत चांभार. आमच्या आज्याचा धंदा पंचांगाप्रमाणे बदलायचा.

घरातला पुरावा संपला, तेव्हा मोर्चा कागदाकडे वळवला.

कागदाबद्दल आमच्या गावाचा अनुभव असा की कागद खोटं बोलत नाही, पण लिहिणारा घाईत असतो. साधी जन्मतारीख घ्या. माझे वडील एक जूनचे. चुलते एक जूनचे. समोरच्या आळीतले म्हातारे सगळे एक जूनचे. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी समोर उभ्या पोराकडे बघायचे, डोक्यावरून हात घालून कान पकडायला लावायचे, कान हाताला लागला की एक जून. वर्ष दातांवरून. आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक संघानं सगळ्यांचे वाढदिवस एकत्र साजरे करायचे ठरवले तर वर्षातून एकच केक पुरेल.

त्याच्याही मागे जायचं तर गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक. कोण जन्मलं, कोण मेलं, हे गावचा कोतवाल सांगायचा आणि कुणीतरी मोडीत लिहून घ्यायचं. आता मोडी वाचणार कोण? एरवी मोडी जाणणारा माणूस म्हणजे इतिहास संशोधकांच्या मेळाव्यात शेवटच्या रांगेत चहाची वाट बघणारा सज्जन. पण २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तालुक्या-तालुक्यात दप्तरं सुटली, आणि या सज्जनांचे दिवस पालटले. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांच्या दारात चपलांचा ढीग होता.

“कुणबी का?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“आगरी.”

“मग बसा. तुमची घाई नाही.”

नंबर लागला तेव्हा त्यांनी माझ्याजवळच्या झेरॉक्सवर भिंग धरलं आणि मृत्यूच्या कारणांचा रकाना वरून खाली वाचत गेले. “ताप. ताप. ताप. देवी. ताप. जुलाब. ताप. पाण्यात पडून. ताप.” आवाजात चढ-उतार नाही. मी म्हटलं, “सगळ्यांना तापच?” ते म्हणाले, “अहो, कोतवाल डॉक्टर नव्हता. माणूस मेल्यावर हात लावला, गरम लागला तर ताप.” मी म्हटलं, “मेल्यावर गरम कसा लागेल?” त्यांनी पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाले, “पुढचं पान द्या.”

पुढच्या पानावर नावं. नावांची रीत अशी की अमका बिन तमका, बाई असेल तर अमकी कोम तमका. आडनाव नाही. आज गावात तांडेल, म्हात्रे, पाटील, मेहेर अशी पाटीवर मिरवायला आडनावं आहेत, पण तेव्हा ती लिहायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्यात आमच्याकडे आज्याचं नाव नातवाला ठेवायचं. म्हणजे समजा एकाचं नाव ‘क’, त्याच्या पोराचं ‘ख’. नातू पुन्हा ‘क’, पणतू पुन्हा ‘ख’. पानावर दिसतं काय, तर ‘क बिन ख’ आणि ‘ख बिन क’, आणि त्यात बाप कोण नि लेक कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. शिवाय गावात जोमा, हशा, पदू, पोशा ही नावं इतकी लाडकी की हाक मारली तर चार घरांतून ओ यायची. त्या काळात आमच्या आज्याच्या नावाची बरीच माणसं मेलेली सापडली. सगळी तापानं. त्यातला एक आमचा असावा.

मोडीवाचक म्हणाले, “एक निवडा आणि सोडून द्या. बाकीच्यांनी तेच केलंय.”

मी सातबाऱ्याकडे वळलो. सातबाऱ्यावर मराठी माणसाची जेवढी श्रद्धा आहे तेवढी ज्ञानेश्वरीवरही नसेल. पण तिथेही गंमत निघाली. व्हिक्टोरिया वारली २२ जानेवारी १९०१ ला, आणि मुंबई इलाख्यात जमिनीच्या हक्कनोंदीचा कायदा झाला १९०३ साली. राणीच्या हयातीत सरकारला दुसऱ्याच गोष्टीत रस होता : साऱ्याचा जबाबदार कोण. मोजणी करणाऱ्यानं शेत मोजलं, आकार ठरवला, भरणाऱ्याचं नाव घातलं. चिखलात उभं राहून जो पेरतो तो मालक नसेल तर त्याचं नाव घालायचं कारणच काय? कसणाऱ्याचं नाव मालकाच्या रकान्यात यायला कूळकायदा आणि १९५७ चा १ एप्रिल उजाडावा लागला. तोवर आजाही गेला, त्याचा मुलगाही गेला, आणि ज्याच्या नावावर जमीन चढली त्याला ती जेमतेम बारा-तेरा वर्षं बघायला मिळाली. मग सिडको.

शेवटी गॅझेटियर काढलं. जेम्स कॅम्पबेलनं संपादलेला ठाणे जिल्ह्याचा खंड, १८८२ चा. हा ग्रंथ मला मनापासून आवडतो. त्यात ताडाची झाडं आहेत, बंदरं आहेत, मासे आहेत, आणि जाती घाऊक भावात आहेत. आगरी लोकही आहेत. कष्टाळू आहेत असं म्हटलंय, आणि दारूचे शौकीन आहेत हेही म्हटलंय. म्हणजे आमचा आजा एकटा कुठेच नाही, पण त्याचं पिणं छापील आहे. पुण्याच्या गृहस्थांना मी फोन करून सांगितलं, आमच्याही खापरपणजोबांची आवड नोंदलेली सापडली.

आज्याच्या पिण्यात सरकारनं किती लक्ष घातलं होतं हे वाचून मला भरून आलं. १८७८ साली मुंबईचा अबकारी कायदा झाला. ज्या चार्ल्स प्रिचर्ड साहेबानं दारूची व्यवस्था लावली, त्याच्याच हाताखाली मिठाचंही खातं होतं. जकात, मीठ, अफू आणि अबकारी, सगळं एका टेबलावर. आता विचार करा, जो दिवसा मीठ पिकवतो आणि संध्याकाळी ताडाखाली बसतो, त्याचं अख्खं आयुष्य एका साहेबाच्या अखत्यारीत आलं. सकाळी त्याच्या नाकेदाराच्या नजरेखाली मीठ मोजायचं, रात्री त्याच्याच ठेकेदाराकडून महाग झालेली बाटली घ्यायची. मिठावरची पट्टी १८७८ ला मणाला अडीच रुपयांवर नेली, १८८२ ला दोन रुपये केली, १८८८ ला पुन्हा अडीच. ज्यानं ते पिकवलं त्याच्या घरातही मीठ विकतच. उरलंसुरलं म्हणून १८९२ साली मोहाच्या फुलांवरही कायदा आला, म्हणजे घरच्या घरी काही उकळायची सोय बंद. प्रिचर्ड साहेबाच्या खात्याला आमच्या आज्याचं नाव माहीत नव्हतं, पण त्याच्याकडून किती यायला हवं ते दमडीपर्यंत माहीत होतं.

एकदा असंही वाटलं, आजा मॉरिशसला गेला असता तर बरं झालं असतं. त्या काळात मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची बरीच मराठी माणसं उसाच्या मळ्यांवर गिरमिटात गेली. हाल फार झाले, पण कागद झाले. जहाजाचं नाव, माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरच्या खुणा, सगळं लिहून घेतलेलं. १८६० नंतरच्या काळात तर फोटोसुद्धा काढले. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या वह्या जपून ठेवल्यात, आणि तिथली मराठी घरं जाऊन आपला पणजा बघून येतात. आम्ही मात्र बंदरासमोरच राहात होतो. खाडीपलीकडे जहाजं उभी, आणि आज्याला तिकडे मीठ पोचवून संध्याकाळच्या ओहोटीला घरी यायची घाई. घरकोंबडेपणापायी फोटो गेला.

किंवा निदान गिरणीत तरी लागायचा. तिथे नारायण मेघाजी लोखंडे होते. त्यांच्या खटपटीनं १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कामगारांचे अर्ज झाले, सभा झाल्या, आयोगापुढे साक्षी झाल्या, सगळं दप्तरात आलं. मिठागराला रविवार नव्हता. खाडीचे वार दोनच, उधाण आणि भांग. भरती कुणाचा अर्ज घेत नाही.

एवढ्या उचापतीनंतर आज्याच्या काळातली एकच वस्तू हाताला लागली. देव्हाऱ्यात, हळदकुंकवाच्या पुटाखाली : राणीछाप रुपया. मुकुट घातलेली व्हिक्टोरिया, आणि त्या मुकुटाच्या वर डाग देऊन बसवलेली चांदीची कडी. पूर्वी अशा रुपयांची माळ होती, आजीच्या आजीच्या गळ्यात. गालाचा भाग इतका झिजलाय की राणीला वार्धक्यापेक्षा आमच्या घरातल्या बायकांच्या छातीवरचा घाम जास्त बाधला असावा. मागे वर्ष स्पष्ट : १८६२. मी हर्षभरित झालो. आज्याच्या आयुष्याला एक तरी तारीख मिळाली!

मग एका नाणेसंग्राहकांनी समजावलं. टांकसाळीत १८६२ चे रुपये पुढे दहा-बारा वर्षं त्याच सालाचे पाडत होते. साल बदलायला लागले ते १८७४ पासून. म्हणजे राणीच्या रुपयाचाही जन्म एक जूनचाच.

ती माळ कुणी मोडली, हा आमच्या घरातला सर्वांत जुना चालू खटला. आत्या म्हणते काकीच्या सासऱ्यानं मोडली, दारूपायी. काकी म्हणते आत्याच्या लग्नाच्या हळदीला मोडली, कारण तीन दिवस अख्खं गाव जेवत होतं. चुलते म्हणतात माळ नव्हतीच, एवढा एकच रुपया होता, तो त्यांच्या बापानं मुंबईत जिंकला. कशात जिंकला हे सांगत नाहीत. राणी मधे बसून सगळं ऐकते.

पण खरी राणी देव्हाऱ्यात नाहीच. ती आम्हाला भेटली ती कायद्यातून. आजा चाळिशीत असेल तेव्हा, १८९४ साली, भूसंपादन कायदा झाला. तो राणी गेल्यावर गेला नाही, इंग्रज गेल्यावर गेला नाही. त्याच कायद्यानं सिडकोसाठी आमची शेतं घेतली, आणि तो रद्द झाला थेट २०१४ च्या जानेवारीत. प्लेग आला तेव्हाचा १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये करोनाला लागू झाला आणि सारसोळ्याची पोरं गच्चीवर पत्ते कुटत बसली. १८६० चं दंडविधान २०२४ च्या जूनअखेरपर्यंत चालू होतं, तेव्हा गावातल्या कित्येक मारामाऱ्या तर खास व्हिक्टोरियन म्हणायला हव्यात. मी आज्याचा माग काढत दप्तरं पालथी घालत होतो, आणि त्याच्या काळातलं सगळं सामान आमच्याच घरात हिंडत होतं, फक्त तो सोडून.

तरी वाटलं, निदान एक वंशावळ तरी रीतसर करून ठेवावी. प्लॉटसाठी नाही, नुसती. तिला शिक्का हवा म्हणून एका कचेरीत गेलो. खिडकीतल्या साहेबांनी वरचं नाव वाचलं.

“यांचा मृत्यूचा दाखला?”

“नाही साहेब. ते फार जुने. अठराशे पंचावन्नच्या सुमाराचा जन्म.”

“वय नाही विचारलं. दाखला विचारला.”

“दाखला नाही.”

“मग हयातीचा जोडा.”

“साहेब, हयात असते तर एकशे सत्तर वर्षांचे असते.”

त्यांनी शांतपणे अर्ज परत सरकवला. “काका, दोन्हीपैकी एक लागतो. तुम्ही ठरवा, आणि मंगळवारनंतर या.” मागच्या माणसानं मला खांद्यानं बाजूला केलं. त्याच्या हातातही वंशावळ होती, चांगली चार पानी, आणि तिच्या टोकाशी आमच्या आज्याचंच नाव होतं. मी डोळे फाडून बघितलं. त्यानं ती झाकली.

घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. म्हटलं, सरकारच्या हिशेबी आजा अजून मेलेला नाही. मला वाटलं ती हसेल. ती ताडकन उठून बसली, पदर खोचला आणि काकीकडे बोट दाखवून म्हणाली, “जित्ता हाय ना? मंग त्यालाच इचार, माल कुनी मोरली!”